मदत हवी आहे: एफटी८ डिकोडरमध्ये एलएलआरचं स्केलिंग कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी,

एफटी८ चा (हौशी रेडिओवर क्षीण सिग्नलने छोटे संदेश पाठवायच्या डिजिटल पद्धतीचा) डिकोडर स्वतः लिहितोय. सिंक (संदेशाच्या वेळेशी-वारंवारतेशी जुळणी) जमलंय, ७९ सिम्बॉलपैकी त्यासाठीचे ठरलेले २१ कोस्टास सिम्बॉल बरोबर सापडतात. अडलंय ते पुढे. उरलेल्या ५८ सिम्बॉलमधून प्रत्येकी ३ असे १७४ बिट निघतात आणि ते एलडीपीसी (१७४, ९१) या चुका दुरुस्त करणाऱ्या कोडच्या डिकोडरला द्यायचे.

सध्या प्रत्येक सिम्बॉलच्या आठही टोनचं ॲम्प्लिट्यूड काढतो. ज्या चार टोनांत तो बिट १ आहे त्यांतलं सर्वांत मोठं, वजा ज्या चारांत ० आहे त्यांतलं सर्वांत मोठं. हा फरकच एलएलआर (बिट १ की ०, याची किती खात्री आहे ते सांगणारा आकडा) म्हणून देतो. ग्रे कोडचा (कुठला टोन म्हणजे कुठले ३ बिट, याचा) क्रम दोनदा तपासलाय. जोरदार सिग्नलला सीआरसी (संदेश बरोबर आला का ते तपासणारे बिट) लगेच जुळतो. क्षीण सिग्नलला मात्र सम-प्रॉडक्ट या डिकोडिंग पद्धतीच्या ५० फेऱ्यांनंतरही ८३ पैकी सात-आठ पॅरिटी चेक चुकलेलेच राहतात. सगळे एलएलआर निम्मे केले की त्यांतले काही सुटतात, पण आधी सुटणारे अडकून बसतात! मिन-सम या तिच्या सोप्या रूपाला या गुणकाने फरक पडत नाही, ते अपेक्षितच आहे.

म्हणजे गोंगाटाचा माझा अंदाज चुकतोय असं वाटतं. तो अख्ख्या संदेशासाठी एकच धरायचा, की फेडिंग (सिग्नलची ताकद कमी-जास्त होणं) असताना सिम्बॉलगणिक? आणि ॲम्प्लिट्यूडऐवजी त्याचा वर्ग घ्यावा का?

सरळ हार्ड डिसिजन (खात्री न बघता प्रत्येक बिट १ किंवा ० ठरवणं) घेऊन मोकळं होता येईल, पण एवढी हाताशी आलेली माहिती फेकून द्यायची जिवावर येतं. कुणी हे स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.