इमिग्रंट व्हिसा, वकिलात आणि आपली वरात : तुमचे अनुभव लिहा

शेवंतीची_वेणी
जाऊबाईंच्या भावाला काल एनव्हीसीची, म्हणजे अमेरिकेच्या व्हिसा केंद्राची, मेल आली, नंबर लागला म्हणून. बहिणीने त्याच्यासाठी आय-१३० (नातेवाईकाला बोलवायचा अर्ज) भरला तो २००६ साली. तेव्हा त्याच्या मुलाची नुकतीच मुंज झाली होती, आता त्या मुलालाच मुलगा झालाय. घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत, जायचं की नाही.

त्यावरून आमची वेळ आठवली. नणंदेने यांच्यासाठी अर्ज केला १९९० मध्ये, मुलाखत लागली २००३ ला. वकिलात तेव्हा ब्रीच कँडीला, लिंकन हाऊसमध्ये. भुलाभाई देसाई रोडच्या फुटपाथवर उजाडायच्या आत माणसं उभी. खिडकीशी गेल्यावर उजवा हात वर करून खरं बोलेन अशी शपथ घ्यायला लावली. मग साहेबाने विचारलं, बहिणीला शेवटचं कधी भेटलात? एवढंच. यांनी सुरुवात केली ती सासऱ्यांच्या बदलीपासून. बहीण कुठल्या शाळेत होती, तिचं लग्न कसं जमलं, मधेच मामांचं आजारपण. साहेब शांतपणे ऐकतोय, शेजारची मराठी बाई भाषांतर करता करता हसू दाबतेय, मी मागून शर्ट ओढतेय. शेवटी साहेब म्हणाला, पुरे, तुम्ही बहीणभाऊ आहात हे मला पटलं.

तुमचंही येऊ दे. अमेरिकाच पाहिजे असं नाही.

खडीसाखर
सासऱ्यांच्या बदलीपासून 😂😂 आमच्याकडे याहून भारी झालंय. नंतर लिहिते, कुकर लावलाय.

माळरान
आमचं अडलं जन्मदाखल्यावर. वडील बीड जिल्ह्यातल्या खेड्यात घरीच जन्मले, नोंद कुठली असायला. शाळेतली तारीख १ जून, कारण गुरुजींनी अख्ख्या वर्गाची तीच टाकलेली. आजी म्हणायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालास. अशा वेळी 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं लागतात. वडीलच पंच्याहत्तरीचे, त्यांचा जन्म आठवणारं माणूस आणायचं कुठून? शेवटी त्यांची आत्या सापडली, नव्वदी ओलांडलेली. नोटरीसमोर खुर्चीत बसवली. त्याने विचारलं, आजी, जन्म तुम्ही स्वतः पाहिलात का? म्हणाली, "पाह्यला म्हंजी? पानी म्याच तापिवलं!" आणि विचारायच्या आधी अंगठा पुढे.

पेठकर
१ जूनवाले हात वर करा ✋

आंबेहळद
✋ आमच्या घरात चौघे. केक एकातच भागतो.

साळावली
गोव्यात उलटं. माझ्या आजोबांची १९३० च्या आसपासची नोंदही मिळाली, पोर्तुगीजमध्ये, वळणदार हाताने लिहिलेली. फक्त वाचणारा शोधावा लागला. भाषांतरवाल्याने पानामागे पैसे घेतले आणि पणजोबांच्या नावाचं भलतंच केलं ते वेगळं. आमच्या वाड्यावरचे अर्धे तर पोर्तुगालचा पासपोर्ट काढून ब्रेक्झिटच्या आधी लंडनला पोचले. त्यांची रामकथा इथे नको, स्वतंत्र धागा होईल.

पेठकर
काढा की मग. आम्ही वाचायला आहोतच.

सदाफुली
आमच्याकडे व्हिसा आधी की अक्षता आधी यावरून घर पेटलं होतं. केस मोठ्या दिरांची, त्यांच्या बहिणीने केलेली. पुतणीचं नाव त्यातच, पण अट अशी की मुलगी अविवाहित हवी, आणि नुसती मुलाखतीच्या दिवशी नाही, तिकडच्या विमानतळावर शिक्का बसेपर्यंत. इकडे तिचं जमलेलं. मुलगा नाशिकचा, माणसं चांगली, साखरपुडा झालेला, हॉल ठरलेला. मुलाची आजी म्हणे, त्यात काय एवढं, देवळात गुपचूप लावून टाका, तिकडे कोण बघायला येतंय. वकिलाने तिथल्या तिथे गप्प केलं. लग्न लपवून गेलात तर उद्या नवऱ्याला बोलवताना तेच लग्न दाखवावं लागेल आणि मुलीचंही ग्रीन कार्ड जाईल, म्हणाला.

हॉलचे पैसे बुडाले. केटरर ओळखीचा, त्याने निम्मे परत दिले. पुतणी गेली, कार्ड आलं, मग सुट्टी काढून आली आणि लग्न केलं. तोवर मुलाकडच्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण दिवाळीचा फराळ आला नाही त्या वर्षी. त्यानंतर नवऱ्यासाठी एफ-टू-एची, म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांच्या जोडीदारांची, नवी रांग, ती निराळीच. मला विचाराल तर आजींचं चुकत होतं, पण राग खोटा नव्हता. सून करायची आणि तिची वाट बघत बसायचं.

आंबेहळद
बाप रे. मग गेला का मुलगा?

सदाफुली
गेला. आता आजी नातवाला फोनवर बघतात.

धावती_भेट
मुलगी २२ ची झाली, मुलांसाठीची वयाची अट ओलांडली. तिच्या मावशीने आमच्यासाठी २००७ ला अर्ज टाकलाय. ती गेलीच ना आता हातची? प्लीज कुणीतरी सांगा, घरी बोलायची सोय नाही.

फाईलबहाद्दर
@धावती_भेट, लगेच तसं धरून चालू नका. सीएसपीए म्हणून २००२ चा कायदा आहे. आय-१३० मंजूर व्हायला जेवढे दिवस लागले तेवढे मुलीच्या वयातून वजा होतात. वय धरायचं ते तारीख करंट होईल, म्हणजे नंबर लागेल, त्या वेळचं. अर्ज पाच-सहा वर्षं तसाच पडून असेल तर अजून वाव आहे. अप्रूव्हल नोटीस शोधून काढा, अर्ज पोचल्याची आणि मंजुरीची अशा दोन्ही तारखा तिच्यावर मिळतील. करंट झाल्यापासून वर्षाच्या आत डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) भरायला मात्र चुकू नका. आणि मुलीचं लग्न... वरचं वाचलंच असेल.

रांग एवढी लांब का, तर भावंडांच्या वर्गाला वर्षाला साधारण ६५ हजार व्हिसा, तेही सगळ्या जगाला मिळून. त्यात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. आपल्याकडे एकेकाला किती भावंडं ते मोजा.

धावती_भेट
खूप खूप आभार दादा. ट्रंक उघडते आता.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
मेडिकलचं कुणीच लिहिलं नाही. सासऱ्यांच्या एक्सरेत जुना डाग निघाला. कधीतरी क्षय होऊन गेलेला, त्यांनाच पत्ता नाही. मग लागोपाठ तीन सकाळी थुंकीचे नमुने, आणि कल्चरचा (नमुन्यात जंतू वाढतात का ते बघतात) निकाल यायला आठ आठवडे. मुलाखत लांबली. सासरे शेतकरी माणूस, रोज सकाळी विचारायचे, उगवलं का काही? नाही उगवलं, सुटलो. लशी टोचल्या त्या वेगळ्याच. दोन्ही दंड चोळत बसले आणि म्हणतात, मला काय बालवाडीत घालताय का.

खंडाळ्याचा_बोगदा
"उगवलं का काही" 🙏😂

आमची मुलाखत होती एप्रिल २०२०. पुढचं लिहायला नको. मार्चमध्ये वकिलातींची कामं थांबली, एप्रिलमध्ये इमिग्रंट व्हिसा थांबवणारा ट्रम्प यांचा आदेश निघाला, तो बायडेन यांनी उठवला २०२१ च्या फेब्रुवारीत. घर विकायला काढलं होतं, गिऱ्हाईकाला परत पाठवलं. त्याच घरात बसून हे टाइप करतोय.

गवतीचहा
वाचतेय सगळं. आमचं लिहू की नको असं झालं. दादाने २००४ ला अर्ज केला होता आणि २०१९ ला दादाच गेला. अर्ज करणारा गेला की अर्जही आपोआप रद्द होतो. खास विनंती करून पुन्हा उघडता येतो म्हणाले, पण वहिनी तिकडे, तिची मुलं तिच्या व्यापात. ज्याच्याकडे जायचं तोच नाही. फाईल कपाटात ठेवली.

शेवंतीची_वेणी
गवतीचहा, काय बोलू गं. वहिनी येते का इकडे अधूनमधून?

गवतीचहा
येते. मागच्या गणपतीत आली होती.

पेठकर
विषयांतर. ते लिंकन हाऊस मुळात वांकानेरच्या महाराजांचं, १९३८ चं. वकिलात २०११ मध्ये बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) गेली. २०१५ ला ते आमच्या पुण्याच्या सायरस पूनावालांनी ७५० कोटींना घ्यायचं ठरवलं, आणि व्यवहार सरकारी परवानगीत लटकला तो वर्षानुवर्षं. त्या वास्तूच्या पत्रिकेतच 'पेंडिंग' लिहिलंय.

माळरान
आता कळलं असेल पूनावालांना, फुटपाथवर उभं राहणं काय असतं ते.

खडीसाखर
आले. कुकर, पोळ्या, मुलाचा अभ्यास, सगळं उरकून.

आईचं माहेरचं नाव मंदा. लग्नात तांदळात लिहिलं सुहासिनी. मावशीने अर्जात बहीण म्हणून मंदा लिहिलेलं, पासपोर्टवर सुहासिनी. खिडकीतून प्रश्न आला, मंदा कुठे आहे? आई म्हणाली, मीच. मग सुहासिनी कोण? मीच. आडनाव बदलतं हे साहेबाला ठाऊक होतं, आख्खं नावच कसं बदललं, हे त्याला उमगेना. आई समजावतेय की मालकांना आवडलं म्हणून ठेवलं, आणि बाबा शेजारी उभे, आरोपीसारखे. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र फाईलमध्ये होतं म्हणून निभावलं.

आंबेहळद
अगं, आमच्या सासूबाईंचं अगदी हेच आहे आणि मुलाखत तोंडावर आलीय. ते शंभरच्या स्टॅम्पपेपरवरच करायचं ना?

फाईलबहाद्दर
शंभरचा विसरा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा.

खडीसाखर
पाचशे?? थांबा, बाबांना सांगते, मंदात काय वाईट होतं म्हणून 😀