एका ओळीत एक ओळ?

शाईपेन:
मराठी माध्यमातून डिप्लोमाला आलेल्या मुलांसाठी जावा या संगणकभाषेच्या टिपणांचं भाषांतर करते आहे. फाइल लिहिण्याच्या धड्यापर्यंत गाडी बरी चालली होती. तिथे उदाहरण आहे, तीन बाय चार आकड्यांची जाळी मजकूर फाइलमध्ये उतरवायची, प्रत्येक 'रो' एकेका 'लाइन'वर. मी लिहिलं, 'प्रत्येक ओळ एका ओळीत लिहा.' नवऱ्याने वाचलं आणि विचारलं, "मग काय दोन ओळींत लिहितात?"
माझ्याकडे दोन्हींना ओळच आहे. अ‍ॅरे, लूप (म्हणजे आकड्यांची यादी आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करणं) तसेच ठेवलेत, त्यांचं मराठी नकोय. फक्त हे दोन शब्द वेगळे करून हवेत.

बांधावरून:
रांग घ्या की. आडव्या रांगा, उभ्या रांगा.

अर्धविराम:
रांग नको. पुढे कधीतरी क्यू शिकवाल, तेव्हा रांगच लागेल. रांगेतला पहिला निघून गेला की मागचे पुढे सरकतात. जाळीतले आकडे जागचे हलत नाहीत.

मोडीवाचक:
मग पंक्ती. शुद्ध आहे, छोटा आहे. पंगत याच शब्दातून आली, त्यामुळे पोरांना परकाही वाटणार नाही. शिवाय जावात पंक्तिप्रपंच होतोच. स्वल्पविराम घालून आकडे लिहिताना प्रत्येकाच्या पानात स्वल्पविराम वाढायचा आणि शेवटच्याला मात्र वाढायचा नाही.

अर्धविराम:
हा प्रपंच करता करता निम्मा वर्ग लटकतो. शेवटचा स्वल्पविराम काढायचा राहून जातो आणि फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमला शेवटी एक रिकामा रकाना जास्त आहे असं वाटू शकतं. जावा 8 पासून स्ट्रिंग जॉइनर आहे, तो फक्त दोघांच्या मधे वाढतो. पण परीक्षेत इफ लावूनच करायला सांगतात.

शाईपेन:
पंक्ती वाचली की मला कवितेच्या पंक्ती आठवतात. म्हणजे फिरून ओळच!

कार्डवाला:
रोचं राहू द्या, कॉलमचं काय लिहिलंत? आम्ही फोरट्रान ही जुनी संगणकभाषा भोकं पाडलेल्या पंचकार्डांवर शिकलो. कार्डाला 80 कॉलम, एका कॉलमात एक अक्षर. प्रोग्रॅममधलं विधान सातव्या कॉलमापासून बहात्तराव्यापर्यंत, आणि मागच्या कार्डावरचं पुढे चालू असेल तर सहाव्यात खूण. म्हणजे कॉलम ही अक्षराच्या जागांची मोजदाद होती, तक्त्यातला उभा भाग नव्हे. नंतर नोकरीत 132 कॉलमचा रुंद कागद आला, तिथेही तोच अर्थ. 'पगार सत्तराव्या कॉलमाला सुरू होतो,' असं बोलायचो. तक्त्यात कॉलम दहाच असायचे.

मोडीवाचक:
उत्तम. जागेला स्थान म्हणा, तक्त्यातल्याला स्तंभ.

बांधावरून:
स्तंभ वर्तमानपत्रात लिहितात, नाहीतर गावाबाहेर उभारतात. सातबाऱ्यावर आमच्याकडे कोणी स्तंभ म्हणत नाही. 'इतर अधिकारच्या रकान्यात सोसायटीचा बोजा चढलाय,' हे शाळेत न गेलेला माणूसही म्हणतो. असा शब्द हाताशी असताना देवळाचा खांब कशाला आणायचा?

मोडीवाचक:
रकाना बाहेरून आलेला शब्द आहे.

बांधावरून:
जावा कुठून आली? आळंदीहून?

तिसरी_घंटा:
भांडू नका. रकाना छान आहे, पण रिकामाशी त्याचं काही नातं आहे का? माझी आजी 'फॉर्मातले रकाने' म्हणताना नेहमी कोऱ्या जागाच दाखवायची. रिकामा, रिकाना, रकाना?

मोडीवाचक:
आजीला नमस्कार, व्युत्पत्तीला नाही. अशाच न्यायाने कोष्टक कोष्ट्यांनी विणलं असं सांगणारे भेटतात. ते कोष्ठ, म्हणजे खोली, कप्पा, त्यावरून आहे. कोठार, कोठी त्याच घरातले. म्हणून खरं तर कोष्ठक लिहायला हवं.

तिसरी_घंटा:
कोष्ठक लिहिलं की हिंदीवाला कंस समजतो. मराठीत कोष्टकच रुळलंय, ट वर ठ चढवू नका.

शाईपेन:
मंडळी, ओळ!

अर्धविराम:
ताई, खरं तर जावाला ना रो माहीत आहे ना कॉलम. अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे असतात, बस. आतल्यांची लांबीसुद्धा सारखी लागत नाही, एकात चार आकडे, दुसऱ्यात दोन. पहिला कंस आडवा धरायचा हे आपण ठरवतो. मुलांना शब्दापेक्षा लूप शिकवा. आतल्या लूपमध्ये प्रिंट, म्हणजे त्याच ओळीत लिहिणं; आतला लूप संपल्यावर प्रिंटएलएन, म्हणजे ओळ संपवणं. प्रिंटएलएन चुकून आत गेलं की बाराही आकडे एकाखाली एक.

बांधावरून:
म्हणजे उभी ओळ!

अर्धविराम:
हो, आणि पोरगं म्हणतं, "सर, ओळीनेच लिहिलंय." बरोबरच आहे त्याचं. ओळीने चार दिवस पाऊस पडला म्हणतो, तेव्हा तो आडवा पडला असं कुठे म्हणतो आपण?

कार्डवाला:
आकड्यांची रुंदी ठरवून द्या, म्हणजे रकाने सरळ येतील. फॉरमॅटमध्ये टक्का पाच डी लिहिलं की आकडा पाच जागांत उजवीकडे बसतो. नावासाठी टक्का वजा दहा एस, दहा जागा, डावीकडून.

शाईपेन:
तेच केलं होतं, काका. आकडे शिस्तीत बसले. मग वाटलं, मराठी पोरं आहेत, पहिल्या रकान्यात जिल्ह्यांची नावं घालू. पुणे, बीड, कोल्हापूर. सगळं वाकडं झालं. नंतर एकाच्या लॅपटॉपवर फाइलभर नुसती प्रश्नचिन्हं.

अर्धविराम:
वाकडेपणाचं कारण सोपं आहे. आपण पुणे दोन अक्षरं मोजतो, जावा चार मोजते, कारण उकार आणि मात्रा तिला वेगळ्या. कोल्हापूर आपल्याला चार, तिला नऊ. म्हणून पुण्यापुढे सहा मोकळ्या जागा भरते आणि कोल्हापूरपुढे एक. आपल्या डोळ्यांना दोन अक्षरं आणि सहा जागा, चार अक्षरं आणि एक जागा. 'स्त्री' तर तिला सहा अक्षरांची! देवनागरीसाठी जागा मोजण्याचा नाद सोडा, मधे टॅब किंवा स्वल्पविराम घाला आणि रकाने मांडायचं काम एक्सेलवर सोपवा.
प्रश्नचिन्हं जुन्या जावामुळे. फाइल रायटर यंत्राची ठरलेली लिपी-संकेतपद्धती धरतो आणि तिच्यात देवनागरी नसेल तर प्रश्नचिन्ह टाकतो. जावा 18 पासून न सांगता यूटीएफ-8 धरते, तिच्यात देवनागरी बसते. त्याआधीच्यात आपण सांगायचं.

मोडीवाचक:
पाहा, अक्षर म्हणजे काय हे यंत्राला अजून कळत नाही आणि आपण रकान्यावर भांडतोय. मोडीत तर...

बांधावरून:
मोडी नको, आपण ओळीवर आहोत.

तिसरी_घंटा:
शाईपेन, एक आडवा उपाय. दोन्ही शब्द टाळा. 'जाळी जशी दिसते तशीच फाइलमध्ये उतरवा.' झालं.

शाईपेन:
तोही करून पाहिला. काल एका मुलाने तीस आकड्यांची रो लिहिली. नोटपॅडमध्ये वर्ड रॅप, म्हणजे लांब ओळ पडद्यावर आपोआप खाली मोडणं, चालू होता. रो एक, फाइलमध्ये लाइन एक, पण पडद्यावर दिसतात दोन. तो म्हणाला, "मॅडम, दोन ओळींत गेलं." म्हणजे नवऱ्याचा प्रश्न बरोबर होता, लिहितात नाही तरी दिसतात दोन ओळींत. आता मला दोन नाही, तीन शब्द हवेत.

कार्डवाला:
तिसरी पडद्यावरची ओळ. फाइलमधली ओळ जिथे एंटर मारला तिथे संपते.

अर्धविराम:
एंटर मारणं! हाच तो शब्द. टक्का एन, म्हणजे ओळ संपवायची खूण, शिकवताना मी सांगतो, 'विंडोज असो की लिनक्स, त्या त्या यंत्राला कळेल असा एंटर मारा.' लगेच समजतं. 'रो संपली की एंटर मारा.'

मोडीवाचक:
रो संपली! मग एवढी चर्चा कशाला केली?

बांधावरून:
रो नाही, 'तास' लिहा. नांगराचं एक तास संपलं की बैल वळवायचे.

तिसरी_घंटा:
पण बैल वळल्यावर उलट्या दिशेने येतात. तुमची जाळी एक ओळ डावीकडून, एक उजवीकडून लिहिली जाईल.

बांधावरून:
लिहू दे. त्याचाही लूप असेलच.

शाईपेन:
गुरुवारी टिपणं छपाईला जातायत. सध्या 'आडवी ओळ' आणि 'फाइलची ओळ' असं लिहून ठेवलंय, वाचताना जीभ अडखळते. आणि कोष्टकात ट की ठ, ते तरी नक्की सांगा. शीर्षकातच आहे.