मदत हवी आहे: हॉल आणि अंगण एक करायचंय, पण झडीचं काय? (बेलापूर)

नमस्कार मंडळी,

बेलापूरला आमचं छोटं बैठं घर आहे, मागे १५ बाय १२ फुटांचं अंगण. माझं लहानपण जवळच्याच आर्टिस्ट व्हिलेजमधलं. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी तिथे एकेका चौकाभोवती सात-सात घरं बसवली. त्यामुळे घर म्हटलं की दार उघडं आणि ओट्यावर कोणीतरी टेकलेलं, हे डोक्यात पक्कं. आमच्याकडे राबताही तसाच. कोजागिरीला वीसेक जण सहज होतात. अर्धे आत पंख्याखाली, अर्धे अंगणात, आणि मी ट्रे घेऊन उंबऱ्यावर.

आता मधली भिंत काढून १० फुटी फोल्डिंग दार बसवायचंय. (वर बीम घालून चालेल, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून झालंय.) आर्किटेक्टच्या थ्रीडीत आतली-बाहेरची फरशी एका पातळीत आहे. दिसतं झकास! पण थ्रीडीत पाऊस नसतो. अंगण पश्चिमेला, जुलैत नैऋत्येचा वारा सुटला की झड थेट दारावर. सध्या चार इंचांची पायरी आहे म्हणून पाणी आत येत नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मात्र तीच पायरी घालवायची आहे.

आर्किटेक्टचा तोडगा: दाराबाहेर सलग जाळीची नाली, आणि अंगणाला दारापासून लांब, शंभराला एक असा उतार. पटतं. पण शेजारच्या बदामाचा पाला बघता एका सरीत ती जाळी तुंबेल असं वाटतं. पाऊण-एक इंचाचा उंबरा ठेवून दोन्ही बाजूंनी ढाळ दिला तर? असं कोणी केलंय का?

दाराबाहेरच्या छपराबद्दल घरात दोन तट आहेत. पॉलिकार्बोनेटच्या (प्लास्टिकच्या) पत्र्याखाली पावसात गप्पा ऐकू येत नाहीत आणि मे महिन्यात भट्टी होते, म्हणून माझं मत मंगलोरी कौलांना. नवरा म्हणतो, डोंगरावरची माकडं आठवड्यात फोडतील. दोघांचंही खरं आहे.

फरशीला पॉलिश न केलेला कोटा घेतोय; शेवाळं धरलं तर घासू.

राहिले डास. संध्याकाळी सातला दार सताड उघडं ठेवणं इथे शक्य नाही. १० फुटांच्या दाराला प्लीटेड (घड्या पडून बाजूला सरकणारी) जाळी टिकते का? तिच्या खालच्या पट्टीत पाय अडकतो का?

ठाणे-नवी मुंबईत असं काम करून निदान दोन पावसाळे काढलेल्यांनी कृपया लिहा. फोटो असतील तर जुलैमधले टाका, वास्तुशांतीचे नकोत.