मदत हवी आहे: शत्रूला जागीच रोखायचंय, सेंटिनेल आधी घ्यावं की पोलआर्म मास्टर?

मंडळी, डीअँडडीच्या (डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाच्या) पाचव्या आवृत्तीत (२०१४ चे नियम) एका निर्णयाशी अडलोय: या दोनपैकी कोणती फीट, म्हणजे पात्राची खास क्षमता, आधी घ्यावी.

आम्ही मालवणात खेळतो. द्रुइड (निसर्गाची जादू करणारं पात्र) चालवणारा मित्र ट्रॉलरवर असतो, त्यामुळे जून-जुलैत मासेमारी बंद असली की खेळ जोरात, एरवी तो नसतोच. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) मोहीम विजयदुर्गासारख्या किल्ल्यावर बेतली आहे: चिंचोळ्या वाटा, अरुंद दरवाजे, समुद्राकडून चढून येणारे चाचे.

माझा कॅव्हेलियर फायटर (योद्धा) आता लेव्हल ४ ला पोचलाय, हातात ग्लेव्ह (लांब दांड्याला पातं असलेलं शस्त्र). मागच्या वेळी दरवाजात मी, मागे आमची विझार्ड (जादूगार). एक चाचा बाजूने निसटला. ऑपॉर्च्युनिटी अ‍ॅटॅक (शत्रू पल्ल्याबाहेर जाताना मिळणारा वार) बसला, चांगलं डॅमेजही झालं, तरी तो तसाच धावत तिच्यापर्यंत पोचला. अनवेव्हरिंग मार्क (कॅव्हेलियरची शत्रूवर लावायची खूण) होता, पण शत्रू ५ फुटांपलीकडे गेला की त्याला दुसऱ्यांवर वार करणं अवघड जात नाही. ती पडली, आणि ते मला फार लागलं. पुढे उभं राहायचं ते मागच्यांसाठीच ना?

सेंटिनेल असेल तर असा वार बसला की वेग शून्य, डिसएंगेज (असा वार टाळून निसटणं) करूनही सुटका नाही. अडचण पल्ल्याची आहे. ग्लेव्ह १० फूट पोचतो आणि वार मिळतो शत्रू पल्ल्याबाहेर जाताना. विझार्ड माझ्या पाठीशीच असेल तर तो पल्ल्यात राहूनच तिला गाठणार. पोलआर्म मास्टरने पल्ल्यात शिरतानाच वार मिळतो, पण नुसत्या त्याने कोणी थांबत नाही. दोन्ही एकत्र यायला लेव्हल ६ उजाडणार. शिवाय रिअ‍ॅक्शन (असा वार करायची संधी) राउंडला एकच. तिघे आले तर अडणार एक.

घोळक्यासाठी एन्टँगल (वेलींनी जखडणारा द्रुइडचा मंत्र) उत्तम, २० फुटांचा चौकोन एका झटक्यात. पण द्रुइडचं कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवणारी एकाग्रता) तुटलं की संपलं, आणि बोट सुटली की द्रुइडही नाही. ग्रॅपलला (शत्रूला धरून ठेवायला) एक हात अडकतो, मग ग्लेव्हने वार नाही.

डीएम म्हणतो, लेव्हल १० ला कॅव्हेलियरला मिळणारं होल्ड द लाइन वेग शून्य करतंच, सेंटिनेल वाया जाईल. मला पटत नाही. होल्ड द लाइन पल्ल्याच्या आत हलणाऱ्यालाही अडवतं हे खरं, पण डिसएंगेज करणारा त्यातून सुटतो. आणि आमच्या गतीने लेव्हल १० कधी येणार!

माझा कल सेंटिनेलकडे आहे. पोलआर्म मास्टर येईपर्यंत नुसत्या सेंटिनेलवर ग्लेव्ह कोणी खेळलंय का? विझार्डला नेमकं किती मागे ठेवलंत? की तोवर ढाल-तलवार घेऊन ५ फुटांचाच पल्ला ठेवावा?