मदत हवी आहे: सेन्सरची केबल चुकून कॅमेऱ्याच्या पीओईला (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारी सोय) लागली तर वाचवायची कशी?

नमस्कार मंडळी, निफाडकडे आमच्या कांदा चाळीत मी आठ डीएस18बी20 तापमान सेन्सर टाकलेत, स्टीलच्या नळीवाले, ढिगात खुपसलेले, म्हणजे कुठं सड लागून गरम व्हायला लागलं तर घरबसल्या कळतं. साधी कॅट5 नेटवर्क केबल, एकापुढे एक सेन्सर, शेवटचा 35 मीटरवर, आणि बॉक्सला आरजे45 (नेटवर्क केबलचा आठ पिनांचा प्लग-सॉकेट) कारण क्रिंपिंग टूल घरात पडून होतं. निळी (पिन 4) डेटा, पांढरी-निळी (5) ग्राउंड, तपकिरी जोडी (7-8) 5 व्होल्ट.

झालं असं की गेल्या आठवड्यात कॅमेरा बसवायला माणूस आला, त्याच खांबावर, त्याचीही केबल निळीच, मी मार्केटला गेलेलो, त्यानं माझी उपसून 48 व्होल्टच्या इंजेक्टरला (केबलमधे वीज सोडणारा डबा) लावली आणि कॅमेरा का येईना म्हणून दहा मिनिटं तशीच ठेवली. संध्याकाळी बघतो तर आठच्या आठ −127, म्हणजे सेन्सर सापडतच नाही. वाटलं उंदरानं वायर खाल्ली, मग एक नळी कापली तर आतला मसाला काळा. बॉक्समधला ईएसपी32 (सेन्सर वाचणारा कंट्रोलर) तेवढा वाचला कारण केबल त्यातून निघालेली होती. त्याला काय बोलणार, दोन सारखी सॉकेटं शेजारी मीच ठेवली.

नंतर कळलं की 802.3एएफ (पीओईचं स्टँडर्ड) वाला स्विच आधी थोडं व्होल्टेज देऊन पलीकडे 25 किलोओहम आहे का बघतो, नसेल तर 48 सोडतच नाही. हा स्वस्तातला पॅसिव्ह, काही विचारत नाही, 4-5 ला प्लस, 7-8 ला मायनस, सरळ. सेन्सरची लिमिट 5.5 व्होल्ट आणि मिळाले 48, तेही उलटे!

आता नवीन आणायच्या आधी विचारतो, 5 व्होल्टचा टीव्हीएस डायोड (जास्तीचं व्होल्टेज दाबणारा) आणि पॉलीफ्यूज (आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज) लावला तर भागेल का? फ्यूज माझ्याकडे 16 व्होल्टचा आहे. की टेलिफोनचा आरजे11 लावून मोकळा होऊ?

प्रतिसाद:
आरजे11 नको दादा, तो आरजे45 च्या सॉकेटात घुसतो आणि कडेच्या पिना वाकवतो. चार पिनचा एव्हिएशन कनेक्टर घ्या, स्क्रूवाला, कुठं चुकून बसणारच नाही. आरजे45 ठेवायचाच असेल तर 5 व्होल्टच्या वायरीत एक 1एन4007 डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा) सिरीजमधे टाका, प्लगच्या लगेच मागे केबलच्या बाजूला, बॉक्सच्या आत लावून काय उपयोग, केबलच निघून जाते ना. उलटे 48 तिथंच अडतील. 0.7 व्होल्ट त्यात जाईल, 4.3 उरेल, सेन्सरला 3 पासून चालतं. काही इंजेक्टर 7-8 ला प्लस देतात, तिथं डायोड अडवणार नाही म्हणून टीव्हीएस आणि फ्यूजपण हवा, पण फ्यूज 60 व्होल्टचा, 16 चा 48 वर जळून जाईल.

धागाकर्ता:
धन्यवाद! 4007 डबाभर आहेत. कनेक्टर उद्या नाशिकला गेलो की आणतो, तोवर सॉकेटवर लाल टेप मारलीय.