हातसामानातला १०० मिलीचा नियम आता उठवायला हवा

सह्याद्रीवारा

मुंबईहून नागपूरला जाताना केबिन बॅगेत शाम्पूची मोठी बाटली असली तरी सहसा कोणी हरकत घेत नाही. पाण्याची भरलेली बाटलीही आत जाते. तीच बॅग, तेच शहर, पण तिकीट लंडनचं असलं की शाम्पू, टूथपेस्ट, क्रीम, तेल, परफ्यूम सगळं १०० मिलीच्या आतल्या डब्या-बाटल्यांत भरायचं आणि एका लिटरच्या पारदर्शक झिपच्या पिशवीत बसवायचं. बाटलीत किती उरलंय ते कोणी बघत नाही, बाटलीवर काय छापलंय ते बघतात. १५० मिलीच्या ट्यूबमध्ये तळाशी चार बोटं क्रीम उरलं असलं तरी ती ट्यूब टाकून द्यावी लागते.

हा नियम आला कुठून? १० ऑगस्ट २००६ ला ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघडकीला आणला. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेऊन अटलांटिकवरची विमानं उडवायचा तो बेत होता. त्या दिवशी ब्रिटनमध्ये हातसामान जवळजवळ बंदच झालं. तान्ह्या बाळाचं दूध न्यायचं तर आईबापांना ते कर्मचाऱ्यासमोर चाखून दाखवावं लागलं. सप्टेंबरअखेर अमेरिकेने आणि नोव्हेंबरमध्ये युरोपीय संघाने १०० मिलीची मर्यादा आणली. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या शिफारशीने मार्च २००७ पासून बहुतेक देशांनी ती उचलली. धोका खरा होता आणि घाईने काहीतरी करणं भाग होतं, याबद्दल माझा वाद नाही. पण द्रव ओळखणारी यंत्रं येईपर्यंतची ती सोय होती. युरोपीय संघाने तर एप्रिल २०१३ पर्यंत बंधन उठवायचं ठरवलंही होतं, ते पुढे ढकललं गेलं.

आता यंत्रं आली आहेत. बॅगेतली वस्तू सगळ्या बाजूंनी दाखवणारे सीटी स्कॅनर बसवून एडिंबरा आणि बर्मिंगहॅम विमानतळांनी जुलै २०२५ मध्ये मर्यादा १०० मिलीवरून थेट २ लिटरवर नेली. मग उरलेल्या जगाने कशाची वाट बघायची?

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते म्हाताऱ्या माणसांचं. माझ्या आईची गुडघ्यांना लावायची महानारायण तेलाची बाटली मुंबईत वैद्यांची चिठ्ठी बघून सोडली. पुढे विमान बदलताना दुसऱ्या देशातल्या तपासणीत तीच चिठ्ठी चालली नाही, बाटली काढून घेतली. तिला इंग्रजी येत नाही, वाद घालता येत नाही. पुढचा सगळा प्रवास ती पाय दाबत बसली होती. अशा वेळी सुरक्षा नेमकी कोणाची झाली, हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

घारापुरी

मी बरीच वर्षं विमानतळावर सुरक्षा तपासणीत काम केलं आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आईंना त्रास झाला याचं मनापासून वाईट वाटतं. पण नियम उठवावा या मताशी मी अजिबात सहमत नाही.

बाटलीत किती उरलंय ते का बघत नाही? एक ट्रे पडद्यावर काही सेकंदच असतो. जुन्या एक्स-रेवर पाणी, शाम्पू आणि घातक द्रव यांच्यातला फरक डोळ्याला खात्रीने कळत नाही. अशा वेळी नियम असा हवा की त्यात कर्मचाऱ्याच्या अंदाजाला जागाच राहू नये. छापलेला आकडा सगळ्यांना सारखा दिसतो. 'अर्धीच भरलीये हो' हे एकाचं ऐकलं की मागच्या प्रत्येकाचं ऐकावं लागतं.  म्हणून बाटलीच्या आकारालाच मर्यादा आहे.

आणि हे सगळं २००६ च्या भीतीतून आलं असंही नाही. ११ डिसेंबर १९९४ ला फिलिपीन एअरलाइन्सच्या ४३४ क्रमांकाच्या विमानात सीटखाली स्फोट झाला. एक जपानी प्रवासी गेला. स्फोटक आत नेलं होतं कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणाच्या बाटलीतून. प्रसाधनाच्या पिशवीतली सगळ्यात निरुपद्रवी दिसणारी वस्तू! ज्यांनी हे शिकून घेतलंय त्यांना शाम्पूची बाटली साधी वाटत नाही.

निशिगंध

मी लेन्स लावते, त्यामुळे हे वाचून अंगावर काटा आला. तरी प्रश्न उरतोच. माझी एक लिटरची पिशवी, नवऱ्याची एक, दोन्ही मुलांची एकेक. चौघांचं मिळून चार लिटर द्रव कायदेशीर आत जातं. ज्याला वाईटच करायचंय त्याला चार साथीदार मिळणार नाहीत का? २००६ चा कटही एकट्या माणसाचा नव्हताच.

दुसरं, मार्च २०२० मध्ये कोविड आला आणि अमेरिकेच्या सुरक्षा यंत्रणेने हातसामानात १२ औंसांपर्यंत, म्हणजे साधारण ३५० मिली सॅनिटायझर न्यायला परवानगी दिली. तो तर ज्वलनशील! गरज पडली तेव्हा मर्यादा एका दिवसात लवचिक झाली. मग गुडघेदुखीच्या म्हाताऱ्या माणसाची गरज ही गरज नाही?

घारापुरी

निशिगंध, माणसं वाढली की कट फुटायची शक्यताही वाढते. चौघांनी वेगवेगळं तपासणीतून जायचं, आत भेटायचं, सगळं एकत्र करायचं. प्रत्येक पायरीवर पकडलं जायची संधी असते. सुरक्षेचा कुठलाही एक नियम अभेद्य नसतो, तो हल्ला करणाऱ्याचं काम अवघड करतो, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. सॅनिटायझरचं म्हणाल तर ती बाटली वेगळी काढून वेगळी तपासायची अशी अट होती. गर्दी नव्हती म्हणून ते जमलं. सगळ्यांच्या सगळ्या बाटल्या तशा तपासायच्या म्हटलं तर रांग रस्त्यावर येईल.

कोकणकडा

ही चर्चा मला समजतच नाही. चेक-इन बॅग कशासाठी असते? तेल, शाम्पू, डिओ तिच्यात टाका आणि हात हलवत विमानात जा. तिथेही मर्यादा आहे, पण ती भरपूर आहे: प्रसाधनं, औषधं आणि स्प्रे मिळून माणशी २ किलो किंवा २ लिटर, एकेक डबा ५०० मिलीपर्यंत. आपल्याकडचा १५० मिलीचा डिओ त्यात आरामात बसतो. केबिनमध्ये फक्त प्रवासापुरतं घ्यावं. साबणाची वडी घ्या, शाम्पूची वडी मिळते ती घ्या, स्टिक डिओडरंट घ्या. घन वस्तूंना १०० मिलीचं बंधनच नाही. आमच्याकडे शिकेकाईची पूड नेतात, सांडायचा प्रश्न नाही.

निशिगंध

कोकणकडा, युरोपात अंतर्गत फिरताना स्वस्त तिकीट काढलं की चेक-इन बॅगेचे पैसे वेगळे लागतात, आणि ते कधीकधी तिकिटाच्या तोडीचे असतात. विद्यार्थ्यांना विचारा. पाठीवरची एक बॅग हेच त्यांचं सगळं सामान असतं. 'चेक-इनमध्ये टाका' हा सल्ला ज्याला परवडतं त्याच्यासाठी आहे.

आणि पूड अमेरिकेला नेणार असाल तर जपून. २०१८ पासून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत ३५० मिलीपेक्षा जास्त आकारमानाची पूड हातसामानात असली तर ती उघडून तपासतात, आणि नेमकी काय आहे ते कळलं नाही तर सोडत नाहीत. शिकेकाई, उटणं, सत्तू हे तिकडच्या कर्मचाऱ्याला काय कळणार?

शेवंती

टूथपेस्टबद्दल एक कामाची गोष्ट. आपल्याकडे ट्यूबवर ग्रॅम छापलेले असतात, मिली नाही. पेस्ट पाण्यापेक्षा जड असते, त्यामुळे १०० ग्रॅमची ट्यूब १०० मिलीपेक्षा बरीच कमी भरते. पण परदेशी तपासणीत आकडाच वाचतात. १२० ग्रॅमच्या ट्यूबवर मिलीचा हिशोब समजावत बसण्यापेक्षा लहानच ट्यूब घ्यावी. खोकल्याचं औषध मात्र आपल्याकडे बहुतेक १०० मिलीच्याच बाटलीत येतं, ते नियमात बसतं.

बाकी मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं. या नियमाने छोट्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा एक अख्खा बाजार उभा केला. ३० मिली, ५० मिली, एकदा वापरायच्या आणि फेकायच्या. तपासणीच्या टेबलाशेजारचे ते डबे बघा कधी. चांगली, न वापरलेली वस्तू कचरा होते हे बघून मला फार वाईट वाटतं.

दर्यावर्दी

मी बोटीवर नोकरी करतो, जहाज जिथे लागेल तिथल्या विमानतळावरून घरी येतो. माझं म्हणणं दोघांपेक्षा वेगळं आहे. १०० मिली ठेवा नाहीतर २ लिटर करा, पण जगभर एकच ठेवा. ऑस्ट्रेलिया आणि जपानमध्ये देशांतर्गत विमानाला १०० मिलीचं बंधन नाही, आंतरराष्ट्रीयला आहे. एडिंबराहून २ लिटरची बाटली घेऊन निघालेला माणूस पुढे दुसऱ्या देशात विमान बदलताना अडकतो. ड्यूटी-फ्रीचंही तसंच. सीलबंद पिशवी आणि आत दिसणारी पावती असेल तर सोडतात, पण शेवटच्या मुक्कामाआधी ती पिशवी फोडली की संपलं. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे कोण सांगतं?

घारापुरी

दर्यावर्दींशी सहमत, पण एकसारखेपणा हवा असेल तर आजच्या घडीला तो १०० मिलीवरच शक्य आहे. तेवढं जगातल्या कुठल्याही छोट्या विमानतळाला परवडतं.

नव्या स्कॅनरबद्दल सगळे फार उत्साहाने बोलतात. ब्रिटनने सगळ्या मोठ्या विमानतळांना जून २०२४ ची मुदत दिली होती, ती वर्षभर पुढे ढकलावी लागली. ज्या सहा विमानतळांनी आधीच १०० मिली उठवलं होतं, त्यात लंडन सिटी आणि न्यूकॅसलही होते, त्यांना जून २०२४ मध्ये ते पुन्हा लावायला सांगितलं. १ सप्टेंबर २०२४ पासून युरोपीय संघानेही नव्या स्कॅनरवर १०० मिली परत आणलं. पुढच्या जुलैत त्यातल्या एका प्रकारच्या यंत्राला मान्यता मिळाली तेव्हा कुठे पुन्हा सुरुवात झाली. यंत्र बसवलं म्हणजे ते भरवशाचं झालं असं नाही.

सह्याद्रीवारा

घारापुरीकाका, तुमचा अनुभव मोठा आहे आणि छापलेल्या आकड्याचं कारण मला पटलं. जुन्या एक्स-रेवर दुसरा मार्ग नाही हेही दिसतंय. पण ब्रिटनचं उदाहरण मला उलटं वाचता येतं. नियम शिथिल केला, अडचण दिसली, परत लावला, यंत्र सुधारलं, पुन्हा शिथिल केला. काम असंच पुढे जातं. अमेरिकेत बूट काढायची सक्ती जवळजवळ वीस वर्षं होती, जुलै २०२५ मध्ये उठली. कोणीतरी विचारत राहिलं म्हणूनच उठली ना?

आपल्याकडेही मोठ्या विमानतळांना सीटी स्कॅनर बसवायला नागरी विमान सुरक्षा ब्युरोने सांगितलेलं आहे. माझी मागणी एवढीच की जिथे ते बसून तपासले जातील तिथे १०० मिलीची अट त्याच दिवशी जावी. लॅपटॉप बॅगेतच ठेवायची मुभा देऊन थांबू नये. आणि तोपर्यंत ज्येष्ठांच्या औषधी तेलासाठी, काढ्यासाठी एक छापील नमुना असावा, इंग्रजीत, डॉक्टर किंवा नोंदणीकृत वैद्याच्या सहीचा, जो दुसऱ्या देशातही दाखवता येईल. इन्सुलिनला ही सोय मिळते. आयुर्वेदिक तेल घेणारा माणूस कमी आजारी असतो का?

पैशाचा प्रश्न कोणी काढेल म्हणून आधीच सांगतो. आपल्या प्रत्येक तिकिटात विमान सुरक्षा शुल्क असतं. एप्रिल २०२१ मध्ये ते देशांतर्गत २०० रुपये आणि आंतरराष्ट्रीय १२ डॉलर झालं. प्रवासी फुकट मागत नाहीये.

घारापुरी

त्या शुल्कातून तपासणीला उभ्या असलेल्या जवानांचे पगार होतात. यंत्रं विमानतळ चालवणारी कंपनी घेते, आणि ती किंमत शेवटी वेगळ्या नावाने तिकिटातच येते. तेव्हा यंत्रं आली की तिकीट वाढेल, हे धरून चाला.

छापील नमुन्याची मागणी मात्र मला रास्त वाटते. फक्त त्यात घटकांची नावं वैद्यकीय भाषेत असावीत, मूळ लेबल बाटलीवर असावं आणि प्रवासाला लागेल तेवढीच मात्रा लिहावी. हे असेल तर पलीकडच्या कर्मचाऱ्याला निर्णय घ्यायला आधार मिळतो. १०० मिली सरसकट उठवायला माझा विरोध कायम आहे.

शेवंती

असा नमुना आधी कोणी तयार केला असेल तर मजकूर इथे टाका. सासूबाई डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच एकट्या ऑस्ट्रेलियाला निघाल्यात आणि त्यांचं सांधेदुखीचं तेल मी आत्ताच ५० मिलीच्या दोन बाटल्यांत काढून ठेवलंय. मूळ लेबल त्या छोट्या बाटलीवर चिकटवलं तर चालेल का, घारापुरीकाका?

घारापुरी

५० मिलीच्या बाटल्या असतील तर लेबलाची गरजच नाही. झिपच्या पिशवीत ठेवा, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून घट्ट बंद करा, नाहीतर हवेच्या दाबाने तेल पाझरतं. पिशवी बॅगेच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवायला सांगा, म्हणजे ट्रेमध्ये काढताना त्यांना शोधावी लागणार नाही.