महामार्गावरचे भाऊ : आपले अनुभव लिहावेत

धुळे–जळगाव महामार्गावर पारोळा आणि एरंडोल यांच्या दरम्यान अपघातग्रस्तांच्या मदतीला सर्वांत आधी पोहोचणारे आपले भाऊ गेल्या पावसाळ्यात, रस्त्यावरच एका जखमीवर प्रथमोपचार करीत असताना, मागून आलेल्या ट्रकची धडक बसून गेले. पोटापाण्यासाठी ते विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करीत. या सेवेचा मात्र त्यांनी कधी रुपयाही घेतला नाही. नुसती श्रद्धांजली न वाहता, त्यांनी काय केले आणि कसे केले, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

गृहिणी, एरंडोल तालुका

माझ्या यजमानांची दुचाकी कापसाने भरलेल्या ट्रॉलीवर मागून आदळली. रात्रीची वेळ होती आणि ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. जमलेल्यांपैकी कोणी त्यांना पाणी पाजायला निघाले होते, कोणी उचलून रिक्षात घालायला. भाऊंनी आल्याबरोबर सर्वांना थांबवले, बेशुद्ध माणसाला पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते हे समजावले आणि डोक्याशी गुडघे टेकून यजमानांची मान दोन्ही तळव्यांत स्थिर धरली. १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांनी हात हलवले नाहीत. मला मात्र अधूनमधून म्हणत होते, "घाबरू नको माय, मी शे ना आठे." मणक्याला इजा झाल्याचे पुढे रुग्णालयात कळले. आज यजमान आपल्या पायांनी शेतात जातात.

परिचारिका

भाऊंनी पाठवलेला रुग्ण आम्हाला लगेच ओळखू येई. रक्त थांबत नाही म्हणून हातापायावर आवळपट्टी बांधावी लागली असेल, तर ती बांधल्याची वेळ रुग्णाच्या कपाळावर ठळक पेनाने लिहिलेली असे. पट्टी फार वेळ राहिली तर तो अवयवच धोक्यात येतो, त्यामुळे डॉक्टरांची नजर प्रथम त्या आकड्यांवर जाई. इतकी शिस्त मी पगारी माणसांतही क्वचितच पाहिली आहे.

सोबतचा स्वयंसेवक

भाऊ गेले त्या रात्री मी तिथे होतो. भाऊंनी भीमपराक्रम काही केला असे मी लिहिणार नाही, कारण जे घडले ते जसेच्या तसे नोंदले जावे, असे मला मनापासून वाटते. त्यांनी जखमी मुलाला ढकलून वाचवले, असे काहींनी सांगितले. तेवढा वेळच नव्हता. पाऊस कोसळत होता, भाऊंच्या अंगात चमकणारे जाकीट होते, मागे धोक्याचा इशारा देणारा त्रिकोण ठेवलेला होता आणि टॉर्च घेऊन एक जण उभा होता. ट्रक घसरला आणि त्रिकोण उडवून थेट आमच्यावर आला. भाऊंचा तळहात तेव्हा मुलाच्या मांडीतल्या जखमेवर दाबलेला होता. मुलगा वाचला, कारण त्याआधी त्यांनी बराच वेळ तो दाब सोडला नव्हता. आता आमचा गट जखमींच्या मागे, पुरेसे अंतर ठेवून, एक मोठे वाहन आडवे लावल्याशिवाय रस्त्यावर उतरत नाही. महामार्गावर हे काम करणाऱ्या प्रत्येकाने हे करावेच, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ट्रकचालक, धुळे

केळी घेऊन जाताना मी एकदा अपघात पाहून थांबलो होतो. पोलिसांचे लचांड मागे लागेल म्हणून निघालो, तेव्हा मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, हे भाऊंनीच मला सांगितले. तेव्हापासून मी थांबतो.

निवृत्त शिक्षक, पारोळा

आमच्या शाळेत त्यांनी नववीच्या मुलांना हृदय थांबलेल्या माणसाला द्यायचा छातीदाब गुंडाळलेल्या गादीवर शिकवला होता. मिनिटाला १०० ते १२० हा वेग साधेपर्यंत ते स्वतः टाळ्या वाजवीत. मला एकच गोष्ट सलते. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने मदत करणाऱ्याला खटल्यांपासून संरक्षण दिले, पण मदत करतानाच तो दगावला तर त्याच्या घरच्यांचे काय, याची तरतूद त्या कलमात नाही. स्वयंसेवकांचा अपघात विमा लोकवर्गणीतून उतरवावा आणि त्याची सुरुवात आपल्या तालुक्यातून व्हावी. माझी वर्गणी मी देत आहे.